लाल रंग फिका पडला, म्हणजे नक्की काय झालं?

काही वर्षांपूर्वी मी मुंबईतल्या एका लॅबमध्ये पेशी वाढवायचं काम करत होते. एका शुक्रवारी संध्याकाळी प्लेट खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि हरखलेच. पहिली रांग लालभडक होती. वनस्पतीचा अर्क घातलेल्या रांगा मात्र फिक्या दिसत होत्या, आणि जिथे अर्क जास्त तिथे रंग आणखी फिका. तो लाल रंग चरबीचा. म्हणजे माझ्या अर्काने यकृताच्या पेशींमधली चरबी चक्क निम्म्यावर आणली होती! प्लेट घेऊन तशीच मॅडमच्या केबिनमध्ये शिरले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, प्लेट खालून-वरून पाहिली आणि विचारलं, "अगं, पेशी मोजल्यास का?"

"नाही मॅडम, अजून..."

"मग आधी मोज. उड्या नंतर मार."

सोमवारी प्रयोग पुन्हा लावला आणि या वेळी पेशी मोजल्या. निम्म्या मेल्या होत्या. चरबी घटलेली नव्हती, चरबी बाळगणारे घटले होते. चाळीतली निम्मी बिऱ्हाडं उठून गेली आणि कुणी म्हणालं की बघा, चाळीतला कचरा कमी झाला, तसा प्रकार.

"अमुक वनस्पतीच्या अर्काने यकृतातली चरबी वितळते" अशी बातमी दिसली की मला तो शुक्रवार आठवतो. अशा बातम्या आता फार येतात, कारण गिऱ्हाईकही तेवढं आहे. भारतातल्या वेगवेगळ्या अभ्यासांची एकत्रित बेरीज २०२२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार सुमारे ३८ टक्के प्रौढांच्या यकृतात जादा चरबी आहे. आपल्या ओळखीत सोनोग्राफीच्या कागदावर 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' लिहून आलेलं एक तरी माणूस असतंच. माझ्या गिरगावच्या मावशीकडे तो कागद आहे, आणि त्याच्या शेजारी शेजारणीने दिलेली कोकमाच्या अर्काची बाटलीही आहे. त्या बाटलीमागचं विज्ञान खोटं नाही. ते अर्ध्या वाटेवर थांबलेलं आहे. ही वाट कुठून कुठे जाते, ते या लेखात पाहू.

आधी चरबीबद्दल. यकृत हे दीड किलोच्या आसपासचं इंद्रिय. त्याच्या पेशींत थोडी चरबी असणं हा आजार नाही. शंभरातल्या पाचांहून अधिक पेशींत चरबीचे थेंब दिसू लागले की डॉक्टर त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. मात्र ही चरबी तुपासारखी भांड्याच्या तळाशी साचत नाही. पेशी ती बारीक थेंबांत बांधते आणि प्रत्येक थेंबाला पातळ आवरण घालते. असं करण्यामागे कारण आहे. सुटी स्निग्ध आम्लं पेशीला जाचतात, त्यांच्यामुळे पेशीच्या आतल्या यंत्रणांची मोडतोड होते. तीन-तीन आम्लं एकत्र बांधून थेंबात ठेवली की त्यांचा उपद्रव कमी होतो. थोडक्यात थेंब हे गोदाम आहे. २००७ साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात ही बांधणीच औषधाने रोखली. यकृतातली चरबी कमी झाली, पण यकृताची इजा वाढली! मालाचं गोदाम बंद केलं तर माल रस्त्यावर येतो. म्हणून 'थेंब कमी झाले' हे वाक्य ऐकल्यावर पुढचा प्रश्न हवा, की मग ती चरबी गेली कुठे. जळली, बाहेर गेली, की नुसतीच सुटी झाली?

आता ती येते कुठून? तेलकट खाल्लं म्हणून, असं आपण धरून चालतो. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फॅटी लिव्हरच्या रुग्णांना खुणेचे अणू असलेलं अन्न देऊन यकृतातल्या चरबीचा माग काढला होता. सुमारे ५९ टक्के चरबी रक्तातल्या सुट्या स्निग्ध आम्लांतून आलेली होती, आणि ती मुख्यतः अंगावरच्या मेदातून सुटतात. २६ टक्के चरबी यकृताने साखर-पिठापासून स्वतः बनवलेली होती. थेट जेवणातल्या तेलातुपाचा वाटा होता १५ टक्के. म्हणजे वडापावातला वडा बदनाम, आणि पाव, वरचा गोड चहा, संध्याकाळचं सरबत मात्र नामानिराळे. पोटावर घेर असेल तर तिथला मेद चोवीस तास यकृताकडे माल पाठवत असतो. बारीक दिसणाऱ्या पण पोट सुटलेल्या आपल्यासारख्यांना फॅटी लिव्हर का होतं, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

हे डोक्यात ठेवून लॅबमधल्या प्लेटकडे या. त्यात ज्या पेशी वाढवतात त्यांचं नाव हेप-जी-टू. अर्जेंटिनातल्या एका १५ वर्षांच्या मुलाच्या यकृतातल्या कर्करोगाच्या गाठीतून त्या १९७०च्या दशकात काढल्या, आणि तेव्हापासून जगभरच्या लॅबमध्ये त्या वाढतायत. कर्करोगाच्या असल्यामुळे त्या वाढायच्या थांबत नाहीत, भराभर वाढतात, स्वस्त पडतात, रुसत-फुगत नाहीत. पण त्या यकृतासारखं सगळं काम करत नाहीत. औषधं आणि परकी रसायनं मोडणारी जी विकरं (एन्झाइम्स) खऱ्या यकृतपेशीत भरलेली असतात, ती यांच्यात फार कमी असतात. नोकरी सोडून घरी बसलेल्या माणसाकडून ऑफिसची माहिती काढावी तसं आहे ते. बरंच कळतं, सगळं नाही.

या पेशींना फॅटी लिव्हर करायला एक दिवस पुरतो. त्यांच्या द्रवात ओलेइक आणि पामिटिक आम्ल घालायचं, बहुतेक वेळा दोनास एक या प्रमाणात. ओलेइक म्हणजे शेंगदाण्याच्या तेलात सर्वांत जास्त असणारं आम्ल. पामिटिक पाम तेलात भरपूर. चोवीस तासांत पेशी थेंबांनी गच्च भरतात. मग ऑइल रेड ओ नावाचा रंग टाकायचा. तो चरबीत विरघळतो, पाण्यात नाही. जादा रंग धुऊन काढला की फक्त थेंब लाल राहतात. शेवटी तो रंग अल्कोहोलमध्ये उतरवून यंत्रावर रीडिंग घ्यायचं. 'चरबी ४० टक्क्यांनी घटली' यातले ४० टक्के म्हणजे या लाल रंगाच्या रीडिंगमधला फरक. कुणाच्याही पोटातल्या यकृताशी त्या आकड्याची अजून गाठ पडलेली नसते.

या प्लेटला पोटावरचा मेद नाही, आतडं नाही, रक्त नाही, इन्सुलिनची वर-खाली नाही. चरबी आपणच वरून ओतलेली. एखादा अर्क द्रवातच आम्लांना चिकटून बसला आणि पेशीत शिरूच दिलं नाही, तरी लाल रंग फिका पडतो. पेशी मेल्या तरी पडतो, हे मी स्वतः पाहिलंय. अर्काचाही स्वतःचा रंग असतो. हळदीतला कर्क्युमिन तर विशिष्ट प्रकाशात चमकतो, त्यामुळे चमक मोजणारी यंत्रं फसतात. पेशी जिवंत आहेत का हे पाहायची एक नेहमीची चाचणी आहे. तिच्यात पिवळं रसायन जिवंत पेशीत जांभळं होतं. वनस्पतींतली काही द्रव्यं हा बदल पेशीच्या मदतीशिवाय परस्पर घडवतात. पेशी मेलेल्या, आणि प्लेट जांभळी! म्हणून चांगल्या लॅबमध्ये एका चाचणीवर कुणी विसंबत नाही. पेशी मोजतात, प्रथिनं मोजतात, अर्क असलेली पण पेशी नसलेली रांगही ठेवतात.

एवढं सगळं सांभाळूनही काही वनस्पती खरोखर काम करताना दिसतात. मावशीच्या बाटलीतलं कोकमच घ्या.

पेशी साखरेपासून चरबी कशी बनवते? साखर मोडत मोडत पेशीच्या भट्टीत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात जाते आणि तिथे सायट्रेट तयार होतं. गरजेपेक्षा जास्त माल झाला की सायट्रेट भट्टीबाहेर पडतं. बाहेर एक विकर त्याचे दोन तुकडे करतं आणि त्यातल्या एका तुकड्यापासून चरबीचं विणकाम सुरू होतं. कोकमाच्या सालीत जे आंबट आम्ल आहे, हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल, ते दिसायला सायट्रेटचं जुळं भावंड. ते विकराच्या खाचेत जाऊन बसतं आणि कात्री अडकते. हे १९७०च्या सुमारासच कळलेलं आहे, कागदावर ते अगदी देखणं दिसतं.

मग माणसांना दिलं. कोकमाच्याच कुळातल्या, केरळात माशाच्या कालवणात घालतात त्या मलबारी चिंचेचा अर्क १३५ जाड माणसांवर तपासला गेला. काहींना १२ आठवडे रोज या आम्लाचे १५०० मिलिग्रॅम, बाकीच्यांना खोटी गोळी. १९९८ साली निकाल आला. वजनात आणि अंगच्या मेदात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. यामागे एक कारण असं असू शकतं की हे आम्ल पेशीच्या भिंतीतून नीट आत जात नाही. शिवाय वाळवताना, तापवताना ते वळसा घेऊन त्याचं कडं, म्हणजे लॅक्टोन, बनतं, आणि मग खाचेत पूर्वीसारखं बसत नाही. मजा म्हणजे विकर चुकीचं निवडलेलं नव्हतं. त्याच विकराला अडवणारं बेम्पेडोइक आम्ल नावाचं औषध २०२० साली अमेरिकेत कोलेस्टेरॉलसाठी मंजूर झालं. ते प्रयोगशाळेत घडवलेलं आहे आणि यकृतात पोहोचल्यावरच जागं होतं. कोकमाला ही वाट कुणी आखून दिली नव्हती. झाडाने ते आम्ल आपल्या यकृतासाठी बनवलेलंच नाही!

आणि एक बाजूची गोष्ट. उन्हाळ्यात आपण जे अमृत कोकम पितो, त्यात त्या आम्लाबरोबर साखरेचा पाक असतो. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज, आणि फ्रुक्टोज यकृतात जाऊन चरबी बनवायच्या कामाला जोर देतं. एकाच पेल्यात ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर. पाय कशावर जास्त पडतो ते सांगायला नको.

दुसरी वाट दारुहळदीची. तिच्यातला पिवळाधमक बर्बेरिन पेशीच्या भट्टीचा वेग किंचित कमी करतो. पेशीला वाटतं, इंधन संपत आलं. तेव्हा एएमपीके नावाचा स्विच पडतो, आणि पेशी चरबी बनवायचं थांबवून साठवलेली जाळायला घेते. पगार लांबला की घरातले डबे उघडले जातात, तसं. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळीही याच धाटणीने बरंचसं काम करते, आणि तिचं मूळही युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपात आहे. बर्बेरिनने रक्तातली साखर आणि कोलेस्टेरॉल काहीसं खाली येतं, हे माणसांवरच्या चाचण्यांतही दिसलंय. अडचण अशी की तोंडाने घेतलेल्या बर्बेरिनपैकी शेकडा एक भागसुद्धा रक्तात पोहोचत नाही.

इथेच सगळ्या बातम्यांची गाडी अडते, म्हणून जरा हिशोब करू. प्लेटमध्ये अर्क किती घालतात? एका मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम हा नेहमीचा आकडा. अंगात रक्त पाच लिटर धरा. तेवढीच तीव्रता रक्तात आणायला अर्धा ग्रॅम अर्क लागेल. सोपं वाटतं. पण पोटातून फक्त एक टक्काच शोषला जातो असं धरलं तर गिळायला हवा ५० ग्रॅम अर्क. वाळलेल्या पाल्यातून दहा टक्के अर्क निघतो असं मानलं तर तो काढायला अर्धा किलो पाला. आणि ही तीव्रता प्लेटमध्ये चोवीस तास टिकून असते. रक्तात ती टिकवायची तर पुन्हा पुन्हा अर्धा किलो! एवढं गुरंही खुशीने खाणार नाहीत. अर्कात शेकडो द्रव्यं असतात आणि प्रत्येकाचं शोषण वेगळं, त्यामुळे हा हिशोब ढोबळ आहे. शिवाय आतड्यातून निघालेलं रक्त आधी यकृतातच येतं, त्यामुळे यकृताला बाकीच्या अंगापेक्षा जास्त वाटा मिळतो, हेही खरं. तरी अंतर मोठंच राहतं.

हळदीचं तेच. पावडरीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के, आणि शोषण अगदीच कमी. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की मिऱ्यातलं पायपरिन सोबत दिलं तर माणसात कर्क्युमिनचं शोषण २० पट वाढतं. तेव्हापासून 'हळदीत मिरी घाला' हा सल्ला घरोघरी पोहोचला. मिरी हे कसं करते, ते मात्र पोहोचलं नाही. यकृत आणि आतडं ज्या यंत्रणेने परकी द्रव्यं बाहेर काढतात, तीच यंत्रणा पायपरिन मंदावतं. भाजीत घातलेल्या चिमूटभर मिरीने काही बिघडत नाही. पण हळदीच्या दमदार कॅप्सूलांनी यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद अमेरिकेत २०२२ साली छापून आली आहे. ग्रीन टीच्या अर्काबद्दलही युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली सांगितलं की त्यातलं ईजीसीजी हे द्रव्य गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतलं तर रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, म्हणजे यकृताला इजेची खूण दिसू शकते. कपात चहा म्हणून पिणाऱ्यांची ही गोष्ट नव्हे.

मुंबईला तर याचा जवळून अनुभव आहे. गुळवेलीवर परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्तनलिका अडून कावीळ झालेल्या रुग्णांसाठी काम केलं होतं, आणि त्यातून आशाही दिसली होती. मग करोना आला आणि गुळवेलीचा काढा लोक रतीब लावल्यासारखा पिऊ लागले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेणारे सहा रुग्ण यकृताला सूज आलेल्या अवस्थेत दिसले. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते, तशा धाटणीची ती सूज होती. २०२१ साली हे प्रसिद्ध झाल्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की ही खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. मला या वादात दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट ऐकू येते. आपण काढ्यात काय उकळतोय, किती आणि किती दिवस, याची नोंद कुणाकडेच नव्हती.

'अर्क' हा शब्दच फसवा आहे. आपल्या वैद्यांना हे पूर्वीपासून ठाऊक होतं. स्वरस, कल्क, काढा, हिम, फांट अशी पाच वेगळी नावं त्यांनी उगाच नाही ठेवली. पाण्यात उकळलं की एक द्रव्य उतरतं, अल्कोहोलमध्ये दुसरं, हेक्सेन या पेट्रोलसारख्या द्रवात तिसरंच. लॅबमध्ये मिथेनॉल या अल्कोहोलात काढलेला अर्क चालला म्हणून घरचा काढा चालेल असं नाही. कारण त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत, झाड एक असलं तरी.

तरीही हे काम वाया आहे असं मला मुळीच वाटत नाही. याच मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे रुग्णांवर तपासून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं. जगाने दखल घेतली, तीन वर्षांत सर्पगंधेतून रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. फरक इतकाच, की तिथे पुरावा माणसांचा होता, रक्तदाबाच्या यंत्रावर मोजलेला. यकृताच्या बाबतीत असे प्रयत्न झालेत, पण फळ कमी लागलंय. 'मिल्क थिसल' नावाचं एक युरोपी काटेरी झुडूप आहे. त्यातलं सिलिमारिन आपल्याकडेही सर्रास लिहून देतात. मलेशियात ते ४८ आठवडे भरपूर मात्रेत, रोज तीनदा ७०० मिलिग्रॅम, देऊन यकृताचा तुकडा तपासला. २०१७ साली आलेल्या निकालात जे मुख्य ध्येय ठरवलं होतं ते गाठता आलं नाही. यकृतातले जुने, कडक झालेले वण (फायब्रोसिस) मात्र काहींमध्ये सुधारलेले दिसले. म्हणजे पुढे मोठी चाचणी करण्याजोगं काहीतरी तिथे आहे, दुकानातून आणून रोज गिळण्याइतकं नाही.

मावशीला मी हे सगळं सांगितलं नाही. तिच्या डॉक्टरांनी सांगितलंय तेच पुन्हा सांगितलं. वजन पाच टक्के उतरलं की यकृतातली चरबी हलते, सात ते दहा टक्के उतरलं की सूजही ओसरते. तिच्या बाबतीत ते सहा-सात किलो होतात. पोटावरचा मेद घटला की यकृताकडे येणारा मोठा ओघच आटतो, म्हणून हा उपाय चालतो. कुठल्याही अर्काने हा ओघ इतका आटवल्याचं अजून दिसलेलं नाही. बाटली तिने कपाटात मागे सारली. सोलकढी मात्र सुरू आहे, बिनसाखरेची.

माझ्या अर्काचं पुढे काय झालं, ते राहिलं. पेशी मरणार नाहीत एवढ्या कमी मात्रेत मी प्रयोग तीनदा केला. लाल रंगात पडलेला फरक दोन रीडिंगमध्ये एरवीही पडतो, तेवढाच निघाला. तसं वहीत लिहिलं आणि मॅडमपुढे ठेवलं. त्यांनी सही केली, पान उलटलं, पुन्हा मागे आणलं.

"अर्क कशात काढला होतास?"

"मिथेनॉलमध्ये."

"आता पाण्यात काढ."